आगव्याची लीला

१४ ऑक्टोबर २०२५

वाचनालयाच्या समुद्राकडच्या भिंतीखाली आज फोडलेला नारळ दिसला. बाजूला विझलेल्या दोन उदबत्त्या. मी भिंतीला ओल आली आहे का ते बघायला गेलो होतो. पावसाळा संपला की बघावं लागतं. ओल नाही.

नारळ कोणी फोडला ते कळलं नाही. केर समजून उचलला आणि माडाच्या आळ्यात टाकला.

ही डायरी विमलाने, माझ्या बहिणीने, दिली. रोज काहीतरी लिही, आत साठवून ठेवू नकोस, म्हणाली. आत काही साठलेलं नाही असं मी तिला सांगितलं. तरी ठेवून गेली. लीलाला, माझ्या बायकोला, जाऊन आठ महिने झाले. मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. मोजमापाच्या पुस्तकाशिवाय काही लिहिलेलं नाही. म्हणून भिंतीबद्दल लिहितो. ती मला माहीत आहे.

भिंत चिऱ्याची. वाचनालयाच्या मागे, थेट बंदराकडे तोंड करून. लीला हायस्कुलात चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर तिने समितीकडे ही भिंत मागितली. गिलावा मी उभा राहून करून घेतला, खाऱ्या वाऱ्याला टिकेल असा. गेल्या डिसेंबर-जानेवारीत तिने चित्र पुरं केलं आणि फेब्रुवारीच्या नऊ तारखेला गेली. दवाखान्यात जेमतेम दोन दिवस होती.

चित्र हैती या देशातल्या पद्धतीचं आहे. मुनव्वर, माझा शाळेपासूनचा मित्र, मालवाहू जहाजांवर होता. त्याचं जहाज तिकडच्या बंदरात बरेच दिवस अडकलं होतं, तेव्हा त्याने फुटपाथवरून काही चित्रं घेतली आणि तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून केलेली एक मत्स्यकन्या. ‘बाईंका आवाडतला’ म्हणून ती सगळी लीलाला आणून दिली होती. त्यांच्या व्होदू धर्मात समुद्राचा मालक आहे, त्याचं नाव आग्वे. पांढऱ्या गणवेशातला आरमारी अधिकारी. त्याची एक होडी आहे, तिचं नाव इमामू. लीलाने दोन्ही नावं देवनागरीत लिहिली: होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, इमामू, खाली लाटेत आग्वे. त्याला लागूनच कोपऱ्यात तिची सही, लीला.

मुनव्वरच्या चित्रातला अधिकारी सलाम करतो आहे. लीलाचा तसा नाही. त्याचा उजवा हात नुसता खाली आहे, डावा पाठीमागे जाऊन उजवं कोपर धरतो. हात काढणं सर्वांत कठीण, असं ती मुलांना सांगायची. म्हणून लपवला असावा.

२ नोव्हेंबर

नारळाचा उलगडा झाला. बाबू गावकराने फोडला होता. बाबू देवळात गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलतो, आणि एरवी होडी घेऊन मासेमारी करतो. सप्टेंबरात त्याचं इंजिन बाहेर समुद्रात बंद पडलं. हवा बिघडलेली. सगळ्या देवांची नावं घेऊन झाली तरी इंजिन ढिम्म. शेवटी त्याला वाचनालयाच्या भिंतीवरचा साहेब आठवला. तो एकटाच सदानकदा समुद्राकडे बघत असतो. त्याचं नाव घेतलं आणि इंजिन लागलं.

मी म्हटलं, डिझेलमध्ये हवा गेली असेल.

“गेली आसतली,” बाबू म्हणाला. “मगे ती काढल्यान कोणी? बाकीच्या देवांका लय काम आसता रे परशुराम. ह्यो मोकळो आसा.”

आता आणखी तीन होड्यांचे लोक जायला लागलेत. आग्वेचा आगवो झालाय. मुनव्वर ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

९ नोव्हेंबर

लीलाच्या साड्या विमला घेऊन गेली. मी नेऊ दिल्या. शाल मात्र ठेवली. तिला कसर लागलेली आहे की नाही ते नीट बघायचंय.

१६ नोव्हेंबर

समितीची सभा. २६ जानेवारीला वाचनालयाचा शताब्दी समारंभ आहे, मोठे पाहुणे येणार. अध्यक्ष विश्वेश, वय चाळीसच्या आत, किनाऱ्यावर पर्यटकांच्या खोल्या आहेत. हुशार मुलगा. सभेत तो प्रमाण मराठीत बोलतो. तो म्हणाला की हे ज्ञानाचं मंदिर आहे, याच्या भिंतीवर वूडू चालणार नाही. वूडू म्हणजे बाहुलीला टाचण्या टोचतात ते, त्याने पाहिलंय. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. उद्या पाहुण्यांसमोर कोणी उदबत्ती लावली तर आपली शोभा होईल. शिवाय होडीवर इमामू लिहिलंय, त्याचाही कोणी काही अर्थ काढेल.

ठराव मांडला गेला: शताब्दीपूर्वी भिंत पांढरी करून तिथे ‘स्वच्छ किनारा’ असं काही नवीन काढून घ्यावं. लीलाबाईंबद्दल सर्वांना आदर आहे असंही ठरावात घातलं.

मी सहचिटणीस आहे. ठराव मीच लिहून घेतला.

“काका, बसा ना,” विश्वेश मधेच म्हणाला. “असे कोपर धरून उभे राहिलात की शिक्षा झाल्यासारखं वाटतं.”

मी लहानपणापासून असाच उभा राहतो. बसलो. मग एवढंच म्हटलं की त्या रंगावर चुना धरत नाही, पापुद्रे निघतील. उठता उठता मी म्हणालो, की ती कला आहे, तिकडे त्यावर विचार झालेला आहे. विश्वेश लगेच म्हणाला, मग तुम्हीच व्याख्यान द्या. लोकांना पटलं की ते फक्त चित्र आहे आणि नारळ थांबले, तर ठरावाचा फेरविचार करू.

मी आयुष्यात भाषण केलेलं नाही. होय म्हणून आलो. लीलाचं आता त्या भिंतीवरच जे काय आहे ते आहे.

३० नोव्हेंबर

दोन आठवडे वाचतोय. फोनवर इंग्रजी लेख मिळतात, अडलेलं मुनव्वर सांगतो. वूडू हा सिनेमावाल्यांनी बिघडवलेला शब्द आहे, तिकडे व्होदू म्हणतात. टाचण्यांच्या बाहुलीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मुद्दे असे.

हैतीतले लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. त्यांनी मालकांना हाकलून स्वतःचं राज्य केलं. पण पुढे त्यांच्यातल्या शिकलेल्यांना व्होदूची लाज वाटायला लागली. ते पॅरिसकडे बघून लिहायचे, पाहुण्यांसमोर विषय निघाला की ‘ते खालच्या लोकांचं’ म्हणायचे. पुढे अमेरिकेची फौज देशात येऊन बसली. तेव्हा एका विद्वानाने आपल्याच शिकलेल्या लोकांना झापलं, की तुमचे ढोल, तुमच्या गोष्टी, तुमचे देव हेच तुमचं आहे, बाकी उसनं. तिथपासून लेखक आणि चित्रकार तिकडे वळले. एक मोठा चित्रकार तर स्वतः व्होदूचा पुजारी होता. दुसरीकडे चर्चने मोहीम काढून लोकांचे ढोल आणि देवांच्या वस्तू जाळल्या. मग पुन्हा तेच चित्रकार राजधानीच्या एका कॅथीड्रलच्या भिंती रंगवायला बोलावले गेले. २०१० च्या भूकंपात त्यातल्या बहुतेक भिंती पडल्या. तीन चित्रं वाचली. गिलावा कसला होता ते कुठे दिलेलं नाही.

शिकलेल्यांनी लाज बाळगायची आणि गरज लागली की गुपचूप जायचं, हे वाचून नवल वाटलं. आपल्याकडे असं नाही. विश्वेशने खोल्या बांधताना राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, कोंबडा दिला होता, पण तो उघड दिला, मी होतो तिथे, पाया माझ्याच सल्ल्याने खणला होता.

एक गोष्ट भाषणात घेण्यासारखी नाही. त्यांच्यात माणूस गेला की वर्ष आणि वर एक दिवस पाण्याखाली राहतो म्हणे. तिथे थंडी असते. मग घरचे पाण्याकाठी जाऊन त्याला नावाने बोलावतात आणि मडक्यात घेऊन घरी आणतात. तो मडक्यातून बोलतोही. बोलवायला कोणी गेलं नाही तर तिथेच राहतो. मडकी सच्छिद्र असतात, त्यात काही फार काळ टिकणं शक्य नाही.

शाल उन्हात घातली. कसर नाही.

७ डिसेंबर

भाषण लिहून मुनव्वरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “घाऱ्या, ह्या टेंडर आसा काय भाषण?” माझे डोळे घारे, म्हणून तो शाळेपासून घाऱ्या म्हणतो. त्याच्या मते शेवटी लीलाबद्दल दोन शब्द हवेत. मी म्हटलं, विषय कला हा आहे.

ती भिंत रंगवत असताना मी एकदा तिला विचारलं होतं, तू हे मानतेस का. ती शिडीवर होती. म्हणाली, “काढताना मानते. खाली उतरले की चहा लागतो.” हे दोन शब्दांत बसत नाही.

१४ डिसेंबर

भाषण झालं. वाचनालयाच्या इतिहासात एवढी गर्दी झालेली नाही. कोळी, बायका, मुनव्वर आणि सलमाभाभी, त्यांच्या मोहल्ल्यातले चार-पाच जण.

मी मुद्दे क्रमाने मांडले. तिकडे पुजारी जमिनीवर पिठाने नक्षी काढतात, प्रत्येक देवाची वेगळी, ती काढली की तो देव येतो अशी समजूत आहे, आणि ही नक्षी पुढे चित्रांत आली, हेही सांगितलं. तिथून घसरलं. बाबू उठला.

“म्हंजे थंयसर जमनीर चितारल्यार तो येता?”

मी म्हटलं, ते तसं मानतात.

“आनी भितीर?”

चित्र वेगळं आणि बोलावणं वेगळं, असं मी सांगितलं. बाईंनी कोणाला बोलावलेलं नव्हतं.

“ताच म्हणतंय मी,” बाबू लोकांकडे वळून म्हणाला. “बाईनी बोलवल्यानी नाय. तो आपणच इलो.”

मागून एका बाईने विचारलं, तेका नैवेद्य कसलो लागता. माहिती विचारली म्हणून मी दिली. ते लोक छोट्या तराफ्यावर केक, फळं, शांपेन ठेवून समुद्रात सोडतात. तराफा बुडाला की त्याने घेतलं असं समजतात. बाबूने शांपेनचं स्पेलिंगही विचारलं. मी सांगितलं.

बाहेर पडताना विश्वेश म्हणाला, “काका, तुम्ही वाट लावलीत.” मला वाटतं, भाषण थोडं लांबलं.

१६ डिसेंबर

केळीच्या खांबांचा तराफा सोडला. वर शिरा, केळी, आणि शांपेन मालवणात कुठेच मिळाली नाही म्हणून बीअर. फेस येतो, एवढ्यावर भागवलं. पहिल्याच लाटेला तराफा उलटला आणि सगळ्यांनी हात जोडले. भार एका बाजूला होता. मी बाबूला तसं सांगितलं. तो म्हणाला पुढच्या खेपेला मीच बांधून द्यावा.

२७ डिसेंबर

देवीची जत्रा. दशावतारी नाटक बघायला विमलाने ओढून नेलं. आख्यान नेहमीचंच, पण मध्यावर समुद्र येतो तिथे एक नट पांढरी विजार, पांढरी टोपी घालून आला आणि म्हणाला मी आगवो, माझी होडी कोणी बघितली का. लोक खूष. मग तो डावा हात मागे नेऊन उजवं कोपर धरून उभा राहिला आणि नुसता गप्प समुद्राकडे बघत राहिला. एक शब्द नाही. आधी विमला हसली, मग पुढच्या बाकावरच्या बायका मागे वळून माझ्याकडे बघून हसल्या, मग अख्खा मंडप.

चित्रातला उभं राहण्याचा ढंग त्याने बरोबर घेतला होता. पण माझ्याकडे बघण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. विमलाला विचारलं तर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “दादा, तुका खराच कळाक नाय?” मी म्हटलं नाटक आहे, त्यात कळायचं काय.

८ जानेवारी २०२६

समितीकडे दोन अर्ज आले. एक आमच्या बाजूच्या काही तरुणांचा: वाचनालयाच्या भिंतीवर आणि तेही पुजल्या जाणाऱ्या भिंतीवर इमामू हे नाव नको. दुसरा मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांचा: इमामाचं नाव चित्रातल्या होडीवर, आणि वर नारळ फोडतात, हे बरोबर नाही. दोन्ही अर्जांत शेवटची ओळ एकच, भिंत लवकरात लवकर पांढरी करावी.

विश्वेशला बरं वाटलं. म्हणाला, शंभर वर्षांत दोन्ही बाजूंचं एकमत पहिल्यांदा झालंय, ते शताब्दीच्या अहवालात घेऊ.

मुनव्वरने मोहल्ल्यात सांगून बघितलं, की तो शब्द हैतीतला आहे. त्यांनी विचारलं तिथे तो कुठून आला. हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही सापडलं नाही. तो आज संध्याकाळी घरी आला. सलमाभाभींनी तिसऱ्यांचं सुकं पाठवलं होतं. जाताना म्हणाला, “मीच ती चित्रा आणलंय रे. नसती आणली तर तिना हरीण नायतर सूर्योदय काढल्यान असतो. भिंत रवली असती.”

मी म्हटलं, हरीण तिला आवडत नसे.

२० जानेवारी

हे सविस्तर लिहितो.

सकाळी शिवा, रंगारी, चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आला. मी आधीच गेलो होतो, भिंत शेवटची तपासायला. नाळेच्या बाजूला एक बारीक चीर आहे, ती लीला असतानाच पडली होती. बाकी ठीक. समोर कोळणी बसल्या होत्या, टोपल्या घेऊन, बाजाराला न जाता. बाबू होता. मुनव्वर आणि मोहल्ल्यातले दोघे लांब माडाखाली. ते तरुणही आले.

शिवाने बादली ठेवली आणि मागे सरकला. म्हणाला, पहिला हात मी लावणार नाही, कोणीतरी लावा, मग पुढचं मी करतो. कोणी पुढे येईना. विश्वेशने चार जणांची नावं घेतली. प्रत्येकाला काहीतरी काम आठवलं. शेवटी तो माझ्याकडे वळला, आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मालवणीत बोलला.

“काकानू, तुमीच सांगा. ह्यो देव की चित्र? चित्र आसात तर समितीचा, पुसून टाकूया. देव आसात तर माझी छाती नाय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कोपर धरून उभा होतो. ते चित्र आहे हे मला सगळ्यांत जास्त माहीत. कुठला रंग किती पातळ केला तेही माहीत. भाषणात तासभर मी तेच सांगितलं होतं. खरं बोललं की ती जाणार, खोटं बोललं की राहणार. खोटं बोलून राहिलेलं तिला चाललं असतं का, तेही कळेना.

तेव्हा बाबूने चपला काढल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा आगव्या म्हाराजा, बंदराच्या राखणदारा...”

“होय म्हाराजा,” कोळणी म्हणाल्या.

“आज तुझ्या तोंडाक चुनो लावूक इलेत, तेंका बुद्धी दी रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.” यात शिवाचाही आवाज होता.

“आनी जिना तुका हयसर आणल्यान, ती बाई आज आमच्यात नाय. तिचा काय मागे रवला आसात, तेचो सांभाळ कर रे म्हाराजा.”

इथे कोणी होय म्हटलं नाही. गाऱ्हाण्याचा रिवाज असा, की ज्याचं काम त्याने आधी होय म्हणायचं. बाबू डोळे मिटून थांबला. वाट बघत राहिला. समुद्र चांगलाच वाजत होता.

“होय म्हाराजा,” मी म्हणालो.

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. मग सगळे म्हणाले. विश्वेशने बूट काढले, त्याला बंद सोडायला वेळ लागला.

इमामूचा प्रश्न तसाच होता. तरुण म्हणाले देव असो, पण नाव नको. मोहल्ल्यातले म्हणाले तेच. तेव्हा मुनव्वर माडाखालून चालत आला, नाळेकडे बघत उभा राहिला आणि शिवाला म्हणाला, “पयला अक्षर तेवढा पूस.”

शिवाने ‘इ’वर चुना लावला. उरलं मामू.

कोणीतरी हसलं, मग सगळेच. “तुमचो मामा, आमचो मामू,” मुनव्वर म्हणाला. “आता भांडा बघूया.” उरलेला चुना शिवाने माडाच्या बुंध्यांना लावला.

इतिवृत्तात मी असं लिहिलं: भिंत पांढरी करण्याचा ठराव उपस्थितांच्या संमतीने तहकूब. मी काय बोललो ते लिहिण्याची गरज वाटली नाही. मी फक्त प्रतिसाद दिला होता.

‘इ’च्या जागी पापुद्रे निघणार. मी आधीच सांगितलं होतं.

२६ जानेवारी

समारंभ पार पडला. पाहुणे मुंबईचे, लोककलांवर बोलणारे. विश्वेशने आपल्या भाषणात सांगितलं की आपण आपल्याच परंपरेची लाज बाळगणं सोडलं पाहिजे, हैतीतल्या विद्वानांनी हेच सांगितलं. माझ्या व्याख्यानातलं वाक्य होतं, पण त्याने चांगलं म्हटलं.

पाहुण्यांना भिंत दाखवली. ते खाली वाकले, लाटेतली अक्षरं वाचली. “आग्वे... लीला. आग्वेची लीला! वा, काय शब्द योजलाय. देवाचा खेळ.” विश्वेशने माझ्याकडे बघितलं. मी नाळेजवळची चीर बघायला वाकलो. मग तो होय म्हणाला. पाहुण्यांनी मग माझ्याकडे आणि चित्राकडे दोन-तीनदा आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, तुम्ही इथले पुजारी का. मी म्हटलं, नाही, गिलावा माझा.

२९ जानेवारी

भिंतीशेजारी फलक लागला. ‘श्री आगवेश्वराची लीला’. वर पत्र्याचं छप्पर आणि पुढे जाळी करणार आहेत. मी सांगितलं, जाळी भिंतीपासून हातभर लांब ठेवा, भिंतीला हवा लागते. तेवढं मान्य केलं.

येणारेजाणारे आता तिचं नाव घेतात. दिवसाकाठी कितीतरी जण. कोणाचं ते त्यांना माहीत नाही.

३० जानेवारी

माघ शुद्ध द्वादशी. वर्षश्राद्ध. विमलाने सगळं केलं. कावळा पान ठेवायच्या आधीच येऊन बसला होता. लीलानेही कोणाला कधी ताटकळत ठेवलं नाही. भटजी म्हणाले, झालं, आता त्या पोचल्या.

तिथीप्रमाणे वर्ष आज झालं. तारखेने अजून व्हायचं आहे. तिकडचे लोक कसं मोजतात ते लेखात नव्हतं. तिथी त्यांच्यात नसावी.

१० फेब्रुवारी

सकाळी किनाऱ्यावर गेलो. काल तारखेने वर्ष झालं. आज जाण्याचं कारण भिंत. ‘इ’च्या जागी मीठ फुटलंय, समुद्राचं पाणी किती खारं आहे ते बघायला थोडं आणावं म्हटलं. बादलीची कडी तुटली आहे, म्हणून माळ्यावरचं मडकं घेतलं. पाणी गार असतं या दिवसांत, म्हणून शाल घेतली.

गुडघाभर पाण्यात उभा होतो. ओहोटी संपून पाणी फिरायची वेळ होती. पाणी घेताना तोंडाने काही बोललं की श्वास बरोबर राहतो, वाकताना चक्कर येत नाही. जे तोंडात आलं ते बोललो. एकच शब्द होता, दोन अक्षरी. तीन-चारदा म्हटला असेल.

वळलो तर मुनव्वर वाळूवर उभा. कधीपासून होता माहीत नाही. मडक्याकडे बघितलं, मडक्यावर धरलेल्या शालीकडे बघितलं. जहाज तिकडे अडकलं होतं तेव्हा त्याने बरंच काही पाहिलेलं आहे.

“इली?” त्याने विचारलं.

“कोण?”

“भरती रे, घाऱ्या.”

“होय,” मी म्हटलं.

तो घरापर्यंत बरोबर आला, माझं कोपर धरून, कारण वाळू मऊ होती. आत आला नाही.

मडकं स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं, वर बशी झाकली. जुनं मडकं आहे, गळतंय का ते बघायला हवं होतं. कान लावून ऐकलं. गळत नव्हतं. तरी खात्री करावी म्हणून बराच वेळ ऐकलं.